दिलेली माहिती आणि न दिलेली वास्तू : स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यापीठीय शिक्षणाची भिवंडीच्या संदर्भात चिकित्सा

प्रास्ताविक

कोणत्याही विद्याशाखेचा अभ्यासक्रम हा केवळ विषयांची यादी नसतो. त्या विद्याशाखेने कोणते प्रश्न आपले मानले आणि कोणते इतरांवर सोपविले, याची ती नोंद असते. म्हणून अभ्यासक्रमाची चिकित्सा करताना त्यात काय आहे याइतकेच त्यात काय नाही हेही पाहावे लागते. प्रस्तुत लेखात स्थापत्य व संरचना अभियांत्रिकीच्या विद्यापीठीय शिक्षणाची अशी चिकित्सा केली असून तिच्यासाठी ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे शहर संदर्भ म्हणून घेतले आहे.

या निवडीस कारण आहे. दिनांक २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे भिवंडीतील पटेल कंपाउंडमधील जिलानी ही तीन मजली इमारत कोसळली. १९८४ साली बांधलेल्या या इमारतीखाली झोपेत सापडून सुमारे ४० जण मृत्युमुखी पडले. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि २६ फेब्रुवारी २०२२ रोजी अनधिकृत व मोडकळीस आलेल्या इमारतींच्या प्रश्नावर सविस्तर निकाल दिला. पुढे २९ एप्रिल २०२३ रोजी तालुक्यातील वळ गावाच्या हद्दीत, खाली गोदाम व वर रहिवासी अशी इमारत कोसळून ८ जणांचा बळी गेला. या घटनांची चर्चा कायदा, प्रशासन आणि भ्रष्टाचार या अंगांनी पुष्कळ झाली. ज्या विद्येचा थेट संबंध इमारत उभी राहण्याशी आहे, त्या विद्येच्या शिक्षणाच्या अंगाने मात्र क्वचितच झाली.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतातील स्थापत्य अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण सरकारी बांधकामांच्या गरजेतून जन्मास आले. रुरकी येथील महाविद्यालय १८४७ साली सुरू झाले. पुण्यात १८५४ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी वर्गाचा हेतू सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करणे हा होता. त्याच वर्गातून आजचे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय विकसित झाले. १८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली व पुढे हे शिक्षण विद्यापीठीय पदवीशी जोडले गेले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यासारखे अभियंते याच परंपरेत घडले. रस्ते, पूल, कालवे आणि धरणे ही या परंपरेची कर्तबगारी होय, व तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

तथापि या जन्मखुणेचा एक परिणाम दूरगामी ठरला. अभियंता नेहमी नवे बांधणारा आणि त्याचा धनी सरकार, हे गृहीतक अभ्यासक्रमात मुरले. सरकारी कामाचा आराखडा असतो, मोजमाप पुस्तिका असते, वापरलेल्या साहित्याच्या चाचण्यांची नोंद असते. गावातले घर, चाळ, माग असलेली इमारत यांना यांपैकी काहीच नसते. ती गवंडी व ठेकेदार यांची प्रांते मानली गेली. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली पवई येथे भारतीय प्रौद्योगिकी संस्था आली. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळून पदवीधरांची संख्या अनेक पटींनी वाढली. संख्या वाढली, पण अभ्यासाचा विषय असलेली वास्तू बदलली नाही. योगायोग असा की, ज्या दशकात खासगी महाविद्यालये वाढली त्याच दशकात भिवंडीतील जिलानी इमारत व तिच्यासारख्या असंख्य इमारती अभियंत्याच्या सहभागाविना किंवा नाममात्र सहभागाने उभ्या राहत होत्या.

परीक्षेतील प्रश्नाची रचना

अभ्यासक्रमाचे खरे स्वरूप त्याच्या उद्दिष्टांच्या परिच्छेदात नव्हे तर प्रश्नपत्रिकेत दिसते. संरचना अभिकल्पनाच्या प्रश्नपत्रिकेतील प्रश्नाचा साचा ठरलेला असतो : गाळा इतका, भार इतका, काँक्रीट एम-२०, पोलाद एफई-४१५, तुळईचे अभिकल्पन करा. विद्यार्थ्याने दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढावयाचा असतो. माहिती खरी आहे काय, ती कोठून आली, ती नसेल तर कशी मिळवावी, हे प्रश्न उत्तरपत्रिकेच्या बाहेर राहतात.

भिवंडीतील उभ्या इमारतीपुढे हाच विद्यार्थी अभियंता म्हणून जातो तेव्हा स्थिती नेमकी उलट असते. गाळा मोजता येतो. बाकी काहीच दिलेले नसते. स्तंभात किती सळया आहेत हे सांगणारा नकाशा नसतो. काँक्रीटची प्रत ठाऊक नसते. मूळ दोन मजल्यांवर तिसरा मजला केव्हा चढविला हे सांगणारे प्रत्येकजण वेगळे वर्ष सांगतात. पाया किती खोल आहे हे खोदल्याशिवाय कळत नाही आणि खोदण्यास कोणी राजी नसते. परीक्षेत जे गृहीत होते तेच येथे शोधावयाचे असते. चार वर्षांच्या शिक्षणात ज्या कौशल्याचा सर्वांत कमी सराव झाला, त्याचीच येथे सर्वाधिक गरज पडते.

मानकांच्या बाबतीतही असेच घडते. विद्यार्थी आय.एस. ४५६ या मानकाची २००० सालची आवृत्ती शिकतो. तीत सलोह काँक्रीटची किमान प्रत एम-२० आहे आणि टिकाऊपणाच्या तरतुदी अधिक कडक केलेल्या आहेत. १९८४ सालची इमारत नियमानुसार बांधली असे मानले तरी ती १९७८ च्या आवृत्तीच्या काळातील ठरते. तीत एम-१५ ही प्रत पुरेशी होती व ती बहुधा एकास दोन, दोनास चार या मापाच्या मिश्रणाने साधली जाई. सळई पिळाची, बांधकामाच्या भाषेत टॉरची असे. पिळामुळे तिची ताकद वाढते, पण गंजापुढे ती अधिक हळवी ठरते. कोकणपट्टीतील पाऊस, खाडीलगतची दमट हवा आणि सळईवरील अपुरे आवरण यांच्या संगतीत चार दशकांनंतर अशा स्तंभाची काय अवस्था होते हे समजण्यासाठी जुन्या मानकाचा इतिहास व गंजाचे रसायन दोन्ही ठाऊक असावे लागतात. पदवीच्या वर्गात पहिल्याचा उल्लेख होत नाही आणि दुसऱ्याचा एका प्रकरणात होतो.

भाराचे गणित : एक उदाहरण

ही उणीव केवळ दृष्टिकोनाची नसून गणिताचीही आहे, हे एका साध्या उदाहरणाने दाखविता येते. आय.एस. ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार निवासी खोलीसाठी चल भार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो धरतात. साठवणुकीच्या जागेसाठी साठ्याच्या दर मीटर उंचीस २.४ किलोन्यूटन व एकूण किमान ७.५ किलोन्यूटन धरावे असे तेच मानक सांगते. यंत्रे असलेल्या हलक्या कारखान्यासाठी हा आकडा ५ आहे.

आता १२.५ सेंटिमीटर जाडीची निवासी स्लॅब घेऊ. तिचे स्वतःचे वजन सुमारे ३.१ व फरशी इत्यादींचे १ मिळून स्थिर भार ४.१ किलोन्यूटन होतो. त्यात निवासी चल भार २ मिळवून येणाऱ्या ६.१ ला १.५ या भारगुणकाने गुणले की अभिकल्पनाचा भार ९.१५ येतो. हीच खोली पुढे कापडाचे तागे व सुताची पोती ठेवण्यासाठी दिली गेली आणि साठा मानकात धरलेल्या प्रमाणापर्यंत भरला, तर प्रत्यक्ष भार ४.१ अधिक ७.५, म्हणजे ११.६ किलोन्यूटन होतो. भारगुणकाने दिलेली सुरक्षिततेची सगळी जागा येथे केवळ वापर बदलल्याने संपते व भार तिच्याही पलीकडे जातो. शिल्लक राहते ती केवळ साहित्याच्या गुणकातील जागा. आणि गंजलेली सळई व हलके काँक्रीट तीही आधीच खात असतात. या गणितात पदवीच्या विद्यार्थ्यास न येणारे काहीही नाही. तरी ते वर्गात केले जात नाही, कारण वापर बदलणे ही घटना अभ्यासक्रमात नाही. भिवंडीत मात्र तीच नित्याची घटना आहे.

दुसरे उदाहरण यंत्रमागाचे. साधा यंत्रमाग मिनिटाला साधारणतः १२० ते १६० वेळा धोटा फेकतो आणि प्रत्येक फेरीगणिक फणीचा ठोका बसतो. मिनिटाला १४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे २.३ ठोके. भूकंपविषयक मानक आय.एस. १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीतील सूत्राने १० मीटर उंचीच्या, भिंतींचा आधार न धरलेल्या सलोह काँक्रीटच्या सांगाड्याचा नैसर्गिक दोलनकाल सुमारे ०.४२ सेकंद येतो. म्हणजे सेकंदाला सुमारे २.४ दोलने. त्याच सांगाड्यात भिंती भरलेल्या असतील व त्याची लांबी १२ मीटर असेल तर दोलनकाल सुमारे ०.२६ सेकंदांवर येतो आणि दोलने सेकंदाला ३.८ च्या घरात जातात. याचा अर्थ असा की, भिंती जागेवर असताना इमारतीची लय मागाच्या लयीपासून दूर असते. माग मांडण्यासाठी मधल्या भिंती काढल्या की ती तिच्याजवळ सरकू लागते. ही सूत्रे स्थूल अंदाजाची आहेत. सर्व माग एका ठेक्यात चालत नाहीत, आणि माग जमिनीवर आहेत की वरच्या मजल्यावर यावरही पुष्कळ अवलंबून असते. एखादी विशिष्ट इमारत अशा कंपनाने पडली असे यावरून म्हणता येणार नाही. परंतु संरचना गतिकीचा पाठ शिकविण्यासाठी भिवंडीपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या महाविद्यालयास याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

वैकल्पिक विषयाचे स्थान

अभ्यासक्रमात दुरुस्ती व पुनर्वसनाचा विषय अजिबात नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बहुतेक विद्यापीठांत तो आहे. परंतु सहसा अखेरच्या वर्षांतील वैकल्पिक विषय म्हणून. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली जाहीर केलेल्या आदर्श अभ्यासक्रमात एकूण श्रेयांक १६० पर्यंत खाली आणले गेले व प्रशिक्षणावर भर दिला गेला, हे स्वागतार्ह होते. तथापि वैकल्पिक या शब्दात एक मूल्यनिर्णय दडलेला असतो. नवी तुळई प्रत्येकाने शिकावी, जुनी तुळई ज्याला आवडेल त्याने, असा त्याचा अर्थ होतो. विषय निवडला तरी तो बहुधा खडू-फळ्याने शिकविला जातो. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो, ध्वनितरंगांच्या वेगाने आतील पोकळ्यांचा अंदाज येतो, पण ताकदीविषयी खात्रीने बोलण्यास काँक्रीटचा गाभा काढूनच तपासावा लागतो; या तीन चाचण्यांतील विश्वासार्हतेचा फरक हातात उपकरण घेतल्याखेरीज उमगत नाही.

पदव्युत्तर संरचना अभियांत्रिकीही ही पोकळी फारशी भरून काढत नाही. तेथे सांत घटक पद्धती, पट्ट व कवच यांचा सिद्धांत, प्रगत गतिकी यांना मानाचे पान असते. हे विषय आवश्यक आहेत. मात्र ज्या इमारतीच्या स्तंभातील सळया किती उरल्या हेच माहीत नाही, तिचे संगणकीय प्रतिमान कितीही सूक्ष्म केले तरी उत्तराची अचूकता आधारसामग्रीपेक्षा अधिक होऊ शकत नाही.

कायद्याची अपेक्षा आणि पदवीधराची तयारी

हा प्रश्न निव्वळ शैक्षणिक राहिलेला नाही, कारण कायद्याने या पदवीधरावर मोठी जबाबदारी टाकली आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ अन्वये ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीचे, महानगरपालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून परीक्षण करून घेणे बंधनकारक आहे. परीक्षणानंतर इमारत सी-१ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडावयाची, सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावयाची, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करावयाची, की सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची, हे ठरते.

या वर्गवारीकडे तांत्रिक दृष्टीने पाहिले तर ती चार श्रेणींची एक मोजपट्टी आहे. भिवंडीच्या वस्तीतून पाहिले तर सी-१ आणि सी-२ब यांमधील अंतर म्हणजे एका कुटुंबाचे छप्पर व त्याच छपराखाली चालणारा रोजगार होय. अभियंत्याने चुकून सौम्य शेरा दिला तर माणसे मरतात. चुकून कठोर शेरा दिला तर माणसे रस्त्यावर येतात. घरमालकाला भाडेकरू हलवावयाचे असतील तर त्याला कठोर शेरा हवा असतो, भाडेकरूला सौम्य. दोन्ही बाजूंच्या दडपणाखाली, अपुऱ्या माहितीवर, स्वाक्षरीनिशी निर्णय देण्याचे हे काम आहे. त्याची तयारी करून देणारा एकही तास बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलेला नसतो. वास्तुविशारदांच्या व्यवसायाचे नियमन करणारा केंद्रीय अधिनियम १९७२ साली झाला. अभियंत्यांसाठी तसा कायदा स्वातंत्र्याच्या पाऊण शतकानंतरही झालेला नव्हता. अशा स्थितीत पदवी हीच पात्रतेची मुख्य खूण ठरते, आणि म्हणून पदवीत काय आहे हा प्रश्न सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न बनतो.

भाषेचा प्रश्नही येथेच उद्भवतो. परीक्षणाचा अहवाल इंग्रजीत लिहिला जातो, नोटीस मराठीत निघते आणि राहणारा माणूस उर्दू, हिंदी किंवा तेलुगू बोलतो. भाषा संचालनालयाने स्थापत्य अभियांत्रिकीचा परिभाषा कोश सिद्ध केला, पण विद्यापीठीय वर्गात त्याचा प्रवेश झाला नाही. स्तंभाला पडलेली उभी भेग आणि गिलाव्याला पडलेली केसासारखी चीर यांतील फरक रहिवाशाला त्याच्या भाषेत समजावून सांगता येणे हे सौजन्य नसून व्यावसायिक कौशल्य आहे. धोक्याची पहिली खूण अभियंत्यास नव्हे तर तेथे राहणाऱ्यास दिसते; ती त्याला ओळखता आली तरच वेळेत इमारत रिकामी होऊ शकते.

संभाव्य आक्षेप

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, इमारती पडतात त्या हाव, गरिबी आणि प्रशासनाच्या दुर्लक्षामुळे. त्यात अभ्यासक्रमाचा दोष काय? ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाटा येथे बांधकाम चालू असतानाच लकी कंपाउंडमधील इमारत कोसळून ७४ जण मरण पावले, तेव्हा जुन्या इमारतींच्या ज्ञानाने काही साधले नसते, हे खरेच. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे पडून १६ जणांचा बळी घेणारी तारिक गार्डन ही इमारतही जुनी नव्हती. ३० वर्षांची अट तिला लागूच होत नव्हती. परंतु या उदाहरणांनी मूळ मुद्दा बाधित होत नाही, उलट विस्तारतो. अभियंत्याने उभ्या वास्तूचे वाचन करावे, ही अपेक्षा वयाच्या अटीत बांधता येत नाही. शिक्षण हाव थांबवू शकत नाही. मात्र धोका वेळेवर व पुराव्यानिशी सांगणारा माणूस तयार करू शकते. असा माणूस नसेल तर प्रामाणिक प्रशासनही नोटीस कोणाला द्यावयाची हे ठरवू शकत नाही.

दुसरा आक्षेप श्रेयांकांचा. अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे. नवे घालण्यास जागा कोठून आणावयाची? याचे उत्तर असे की, नवा विषय घालणे ही येथे मुख्य मागणीच नाही. सर्वेक्षणाच्या प्रात्यक्षिकात मोकळ्या मैदानाऐवजी एका उभ्या इमारतीचा मोजणी-नकाशा काढता येईल. सलोह काँक्रीटच्या शिकवणीत वर दिलेल्या प्रकारचे वापर-बदलाचे गणित घालता येईल. साहित्य चाचणीत नव्या घनांबरोबर जुन्या बांधकामातील तुकडे तपासता येतील. अखेरच्या वर्षाच्या प्रकल्पात काल्पनिक बहुमजली इमारतीऐवजी जवळच्या गावातील खरी इमारत घेता येईल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विद्यार्थ्याने केलेल्या पाहणीतून एखादी इमारत धोकादायक दिसली तर महाविद्यालयाची जबाबदारी काय? ही अडचण खरी आहे आणि ती टाळून चालणार नाही. विद्यार्थ्याचा अहवाल प्रमाणपत्र ठरणार नाही, तो नोंदणीकृत अभियंत्याच्या देखरेखीखालीच होईल, आणि गंभीर निरीक्षण आढळल्यास ते लेखी स्वरूपात महानगरपालिकेस कळविले जाईल, अशी व्यवस्था आधी ठरवावी लागेल. वैद्यकीय शिक्षणात विद्यार्थी रुग्णास तपासतो, निदान मात्र अध्यापकाच्या जबाबदारीवर होते. त्या शिक्षणाने ही अडचण फार पूर्वी सोडविली आहे. रुग्ण न पाहता वैद्यकाची पदवी मिळू शकत नाही. आजारी इमारत न पाहता स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मिळू शकते, ही विसंगती कोणत्याही श्रेयांकाच्या गणिताने समर्थनीय ठरत नाही.

समारोप

वरील चिकित्सेतून असे दिसते की, स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यापीठीय शिक्षणाची उणीव ज्ञानाच्या अभावाची नाही. भाराचे गणित, गंजाचे रसायन, दोलनांचे शास्त्र हे सर्व अभ्यासक्रमात विखुरलेले आहे. उणीव आहे ती हे ज्ञान ज्या वास्तूवर लावावयाचे तिच्या निवडीची. सरकारी बांधकामांसाठी घडविलेल्या शिक्षणाने नव्या, नकाशा असलेल्या, मालक निश्चित असलेल्या वास्तूला आपला विषय मानले. भिवंडीसारख्या शहरातील बहुसंख्य लोक मात्र जुन्या, नकाशा हरवलेल्या, वापर बदललेल्या वास्तूत राहतात व काम करतात.

अभ्यास मंडळांच्या पुढील फेररचनेत दुरुस्ती व परीक्षणाचा विषय वैकल्पिक यादीतून मूळ अभ्यासक्रमात आणणे हा एक उपाय आहे. पण तो पुरेसा नाही. प्रश्नपत्रिकेत किमान एक प्रश्न असा असावा की ज्यात माहिती दिलेली नसेल आणि ती कशी मिळवाल हेच विचारलेले असेल. जो विद्यार्थी त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास शिकेल तो पटेल कंपाउंडसारख्या गल्लीत पहिल्यांदा शिरताना निदान कोणत्या स्तंभापाशी थांबावयाचे हे जाणून असेल.